डिंक-रांगोळीचा बर्फ

खेळातल्या शिशाच्या सैनिकांखालच्या चकत्यांवर दाजीसाहेब डिंक-रांगोळीचा असा बर्फ घालीत, की बघणारा शाल मागे. त्या दिवशी सीमेवर असलेल्या आपल्या मुलासारखा दिसणारा सैनिक त्यांनी गुडघाभर बर्फात रोवला.

“अहो, घोट्यापर्यंत पुरे की! गारठेल पोर,” कुमुदबाई कळवळल्या.

“तिकडे काय घोट्यापर्यंतच पडतो?” म्हणत त्यांनी आणखी एक थर चढवला.

संध्याकाळी छावणीतून फोन आला. हिमकडा कोसळला होता. मुलगा खाली गाडला गेला होता, शोध चालू होता.

दाजीसाहेब सुरीने चकती खरवडायला लागले. डिंक दगड झाला होता. “हळू हो!” बाई ओरडल्या. दाजीसाहेबांनी हिसका दिला. सैनिक हातात आला. गुडघ्याखालचे पाय बर्फातच राहिले.

पुन्हा फोन वाजला. “सापडला! जिवंत आहे. पण साहेब, एक सांगायचंय...”

“दोन्ही?” दाजीसाहेबांनी विचारलं.