पिशवीतला पुरावा

अप्पांनी करवंदीच्या जाळीला अडकलेली लाल रिबन ओढून काढली आणि खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. पाचवी वस्तू! आधी पेन्सिल, मग फणी, डब्याचं झाकण, रुमाल आणि आता ही. दहा पावलं पुढं त्यांची नात, कालिंदी, तुरुतुरु चालली होती. आपलं काय काय पडतंय, याची पोरीला शुद्धच नव्हती.

अप्पा तिला बोलले नाहीत. हा सगळा पुरावा त्यांना घरी गेल्यावर तिच्या बापाच्या, यज्ञेश्वराच्या पुढ्यात आपटायचा होता. "घे! अकरा वर्षांच्या पोरीचं डोकं बिघडवलंस!" या त्यांच्या चिरंजीवांनीच मुंबईहून टीव्हीला जोडायचा तो कॉम्प्युटर आणला होता. त्यावरचा खेळ म्हणजे पडद्यावर नुसती इंग्रजी वाक्यं. तू गुहेत आहेस, चार वाटा आहेत. पोरगी 'उत्तरेला जा' असं टाईप करायची आणि बसल्या जागी तासन्‌तास गुहा हिंडायची. बुद्धी वाढते म्हणे! डोंबलाची बुद्धी! चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ही थेरं बघवेनात. म्हणून आज ते तिला पन्हाळ्यावर घेऊन आले होते, खऱ्या गडावर. उद्यापासून तो खेळ बंद, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

एकाएकी धुकं उतरलं. चार हातांपलीकडचं दिसेना. पायवाट आडबाजूची, शेजारी सरळ कडा. "मला गड तोंडपाठ हाय," म्हणत अप्पांनी तीनदा वाट बदलली आणि तिन्ही वेळा त्याच करवंदीच्या जाळीपाशी येऊन थांबले. उजेड उतरत चालला होता. ते जाळीलगतच्या दगडावर खाली बसले.

कालिंदीनं त्यांचा हात धरला. "घाबरू नका अप्पा. मी दर फाट्यावर एकेक वस्तू ठेवत आलीया. गुहेत सगळ्या वाटा सारख्याच दिसतात, मग तिथं असंच करायचं असतंय. रिबन, रुमाल, झाकण, फणी, पेन्सिल. त्या बघत उलटं गेलं की थेट गडाचा तीन दरवाजा, जिथनं आपण निघालो!"

अप्पांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

कालिंदी दोन्ही हातांनी जाळी चाचपत राहिली. काट्यांनी बोटं ओरखडली तरी थांबेना. शेवटी ती रडवेली होऊन वळली.

"हितंच बांधलेली की ओ अप्पा! खेळात ठेवलेलं कुणी उचलत न्हाय."