सव्वादोन पट उजेड

माणिकरावाने वाकून दिव्यावर फुंकर मारली. पेवाच्या तोंडाशी उभी असलेली चांगुणा एक पाऊल मागे सरली. पेटता दिवा तोंडाने विझवलेला तिने या घरात कधी पाहिला नव्हता. आणि विझवणारा तिचा धाकटा दीर होता, बुलढाण्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारा.

"महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली," तो ओरडला, "अन् या घरात अजून जमिनीतल्या भोकाले हळदकुंकू वाहून राह्यले!"

थोरला भाऊ उकंडराव हातात शिंकाळे धरून तसाच उभा राहिला. शिंकाळ्यातल्या पणतीचा धूर सरळ वर जात होता. पणतीच्या काठाला हळद होती, कुंकू होते. माणिकरावाच्या संतापाला तेवढे पुरेसे होते.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे ज्वारीचे कोठार. हे पेव चैत्रात अर्धे उपसून, तोंडावर फरशी बसवून शेणामातीने पुन्हा लिंपले होते. आज श्रावणात, नुकतीच ती फरशी सरकवली होती. वडिलांच्या वेळेपासूनची रीत अशी, की आधी पेवातल्या आईला दिवा दाखवायचा, तिची परवानगी घ्यायची, मग माणूस उतरवायचा. परवानगी कशी मिळते, हे माणिकरावाने कधी विचारले नव्हते. त्यात विचारण्यासारखे काही असेल, असे त्याला वाटलेच नव्हते.

"उजेडच पाहिजे ना तिले? हा घ्या उजेड."

त्याने पिशवीतून पाच सेलची लांब बॅटरी काढली. तिच्यात त्याने नवा बल्ब घातला होता. नवा आहे म्हणून तो चांगला, असे मानणाऱ्यांपैकी माणिकराव नव्हता. आदल्या संध्याकाळी माजघराची दारे लावून त्याने कागदावर तेलाचा ठिपका पाडला, कागदाच्या एका बाजूला कंदील ठेवला आणि दुसऱ्या बाजूने बॅटरी हळूहळू मागे नेली. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की ठिपका दिसेनासा होतो. हे अंतर त्याने जुना बल्ब घालून मोजले, मग नवा घालून मोजले. नवा सव्वादोन पट निघाला. तो सेल लवकर खाणार होता, हेही त्याने लक्षात घेतले होते. त्याने काहीच गृहीत धरले नव्हते.

बॅटरीचा झोत पेवात शिरला. भिंतींना लावलेले गवत, त्याखाली ज्वारीचा पिवळा ढीग, ढिगावर पडलेले लिंपणाचे ढेकूळ, सगळे स्वच्छ दिसले.

"पाहा, भाऊ. दिसते कुठं तुमची आई?"

जळगाव जामोदहून व्यापाऱ्याची गाडी घेऊन आलेला दयाराम मोठ्याने हसला. ते हसणे उकंडरावाला झोंबले. परक्या माणसासमोर, स्वतःच्या खळ्यात, ज्याला आपण शिकवले त्याच्याच तोंडून हे ऐकावे लागले होते. त्याने शिंकाळे खाली टाकले आणि कमरेला दोर बांधला.

"आण इकडं ते बॅटरी."

"अवं, दिवा सोडल्याबिगर नोका उतरू," चांगुणा म्हणाली.

"चूप बस. मास्तराच्या भरवशावर उतरून राह्यलो मी."

तो भिंतीतल्या खोबणींत पाय रोवत खाली गेला. माणिकराव काठावर ओणवा झाला. त्याचा राग उतरला नव्हता, पण त्यात आता समाधान मिसळले होते.

"कसं दिसते?"

"लख्ख दिसते बे," खालून आवाज आला.

मग झोत भिंतीवर फिरला, हेलकावला आणि एका जागी थांबला. दोराला हिसका बसला. माणिकरावाने हाक मारली. पुन्हा मारली. चांगुणाने दोराला हात घातला तेव्हा कुठे बाकीचे भानावर आले.

उकंडराव वर आला तो ओल्या पोत्यासारखा. ओठ काळेनिळे पडले होते. त्याला वाऱ्यात आडवे केले, सदरा फाडला, तोंडावर पाणी मारले. बऱ्याच वेळाने छाती हलली. मग तो खोकला. चांगुणाने त्याचे डोके मांडीवर घेतले. माणिकरावाकडे कोणीच पाहिले नाही.

दयारामला काहीतरी करून दाखवायचे होते. त्याने सुटलेला दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळायला घेतला.

"बॅटरी खालीच राह्यली, मास्तर. महागाची चीज हाय. मी आणतो."

"खबरदार!" चांगुणा एवढ्या जोरात ओरडली की गाडीचे बैल दचकले. नवऱ्याचे डोके अलगद खाली ठेवून ती उठली आणि मातीत पडलेले शिंकाळे तिने दिरापुढे धरले. "आता तुमीच सोडा, भाऊजी. अन् नीट पाहा."

माणिकरावाने पणती पेटवली. त्याच्या हातात काडी दोनदा विझली. शिंकाळे पेवाच्या गळ्यातून आत गेले तेव्हा ज्योत सरळ होती. थोडे खाली गेल्यावर ती लालसर झाली, आखडली आणि वातीवरून सुटून नाहीशी झाली. आत वारा नव्हता. एका निरीक्षणावर तो कधी विसंबत नसे. त्याने शिंकाळे वर ओढले, वात पुन्हा लावली आणि पुन्हा सोडले.

ज्योत त्याच जागी विझली.

खाली ज्वारीत पडलेला बल्ब मात्र लख्ख जळत होता. त्याला हवा लागत नव्हती.