पुढचा टायर

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती सायकलच्या दुकानात उभी होती. "बाईसाहेब डोंगरवाटेच्या वळणावर आपटल्या," नवरा मेकॅनिकला हसत म्हणाला. "हिला वळणंच जमत नाहीत." आठवडाभर सासरी-माहेरी फोनवर त्याची हीच टकळी चालली होती. मेकॅनिकने तिच्या सायकलच्या पुढच्या चाकावरून अंगठा फिरवला. "मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस आडवाच. इथे गुळगुळीत टायर कुणी बसवला?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोल खाचांचा नवा टायर तिनेच निवडून पुढे बसवून घेतला होता. तोच टायर आता दाराशी उभ्या नवऱ्याच्या सायकलवर मिरवत होता. "माझा झिजला होता," तो चाचरला. "तू सावकाशच चालवतेस, म्हणून बदलले. आत्ता परत बसवतो." "टायर राहू दे!" ती कडाडली. "आधी आईंना फोन लाव, मग माझ्या बाबांना. सांग, हिला वळणं जमतात."