मोठ्या मण्यांची माळ

"मावशी, माळ पिशवीत ठेवा," बाकाशी वाकून धाकटे फादर म्हणाले.

वेदीवर मोठे फादर रविवारची उपासना, मिस्सा, करत होते आणि सगळं चर्च एका आवाजात उत्तरं देत होतं. शिलाईवाल्या मावशींचे ओठ मात्र वेगळंच काही पुटपुटत होते. त्यांच्या बारीक बोटांतून लाकडाचे मोठमोठे, काळे पडलेले मणी सरकत होते. धाकटे फादर नवे होते आणि नव्या माणसाला सगळं एका रविवारात सरळ करायचं असतं.

मावशींनी मान वर केली नाही. पुढचा मणी सरकला.

मिस्सा संपल्यावर फादरांनी त्यांना दारातच गाठलं. "माळ चांगलीच हो. पण ती एकट्याची प्रार्थना, मिस्सा सगळ्यांची. मिस्सेला येऊन मिस्सेत नसायचं, हे काही बरोबर नाही. माळ घरी म्हणा."

"ही माळ घरी म्हणून भागत नाही, फादर."

"का पण?"

घरचं दुखणं चव्हाट्यावर आणायचा मावशींचा स्वभाव नव्हता. "पुढच्या रविवारीही इथंच म्हणणार," एवढं बोलून त्या पायऱ्या उतरल्या. अंगानं काडी, पण हट्ट असा की सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

फादरही काही कमी नव्हते. मावशींचे यजमान अंथरुणाला खिळलेत, हे त्यांनी शोधून काढलं. पुढच्या रविवारी आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियनची पवित्र भाकर द्यायची पाळी त्यांचीच होती. नवऱ्याकडूनच बायकोचे कान उपटून घ्यायचे, असं ठरवून ते ऐन मिस्सेच्या वेळी निघाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर उसवलेला कोट. पलंगावर म्हातारा उशीला टेकून बसला होता. त्याचे दोन्ही हात चादरीवर थरथरत होते. नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"काका, मावशींना जरा तुम्हीच..."

"थांबा, फादर. आता उत्तर द्यायचंय."

आणि त्या रिकाम्या खोलीत तो खणखणीत आवाजात मिस्सेची उत्तरं देऊ लागला. मध्ये पुरोहिताच्या शब्दांपुरता थांबे, पुन्हा सुरू होई. जन्मभर चर्चची घंटा वाजवलेला माणूस तो, एक शब्द चुकला नाही. फादर नकळत गुडघ्यावर आले.

"काका, दर रविवारी तुम्ही घरीच मिस्सा म्हणता?"

"माझी नाही ती." म्हाताऱ्यानं थरथरते हात वर करून दाखवले. "यांत मणी ठरत नाहीत आता. माझी माळ चर्चमध्येच व्हायची, त्यात खंड पडू द्यायचा नाही, असं बायको म्हणाली. म्हणून तिथं ती माझी माळ म्हणते, आणि इथं मी तिची मिस्सा."