घुसाडीचा पाहुणचार

"डाव्या पायाले लाल चिंधी बांधजो," अंकुशनं चौथ्यांदा बजावलं. "नाईतर तेवढ्या राखेच्या अंगांत तुले मी ओळखू कसा?"

"बांधतो ना जी," फोनवर वारलू म्हणाला. "पण भाऊजी, देव डोक्यावर घेऊन खोटं वागाचं म्हणजे... पाप लागन ना जी."

"अन् तुही बहीण अन्नाले शिवत नाई, ते दिसत नाई तुले?"

वारलू म्हणजे अंकुशच्या बायकोचा, दीपालीचा, चुलतभाऊ. त्यानं फोन ठेवला. हो म्हणाला असं अंकुश धरून चालला.

दीपालीचं माहेर दोन पहाडांपलीकडे. तीन वर्षांपूर्वी तिच्या बापानं, लच्छूनं, पंचांसमोर तिचं लग्न पक्कं केलं. ही पोरगी साक्षगंधाच्या आदल्या दिवशी अंकुशच्या गाडीवर मागे बसून निघून आली. म्हाताऱ्याची मान खाली गेली. भर बैठकीत तो म्हणाला, "जित्ता आहे तोवर लच्छू तिच्या दारात पाय ठेवणार नाई." शब्दाला पक्का माणूस. आता शब्दाला पक्क्या माणसाचं लोक कौतुक करतात, सोसायचं मात्र घरच्यांनी.

पोटी आचल आली, तरी म्हातारा विरघळला नाही. यंदा आचलला लागोपाठ दोनदा ताप आला आणि दीपालीनं मनात घेतलं, बाचा राग लेकरावर पडला. झालं, जेवणच सुटलं तिचं. गडचांदूरच्या डॉक्टरनं सांगितलं, "पोरीले काई नाई, आईले जेवू घाला." जेवू घाला! सांगायला काय जातं? अंकुशनं हात जोडले, रागावला, एकदा तर रडला. ती दोन घास उष्टे करून उठायची.

मग त्याला दिवाळीतली दंडारी, ढोलावर गावोगाव फिरणारा नाच, सुचली. यंदा तिच्या माहेरची मंडळी गावात पाहुणी येणार होती. सोबत घुसाडी. अंगाला राख, खोटी दाढी, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा डेरेदार टोप. टोप चढला की माणसाचं नाव उरत नाही, तो देव होतो. त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, घरोघरी त्याचे पाय धुऊन त्याला जेवू घालतात, आणि माणसानं घेतलेली शपथ देवाला कशी लागणार?

"यंदा तुहा बा टोप घेऊन राह्यला म्हणतात," त्यानं दीपालीला सांगितलं. "लच्छू येणार नाई म्हणे. पण घुसाडी त येऊ शकते ना?"

दीपालीनं उठून अंगण सारवायला घेतलं. पोटात अन्न नाही आणि पोरगी अंगण सारवते आहे! हे उघडं पडलं तर ही आपलं तोंड पाहणार नाही, हे अंकुशला पुरतं ठाऊक होतं.

दुपारी डोंगराकडून ढोल वाजले. सात घुसाडी आले. पाचव्याच्या डाव्या पायाला लाल चिंधी होती. वारलूची अंगकाठी लच्छूसारखीच, म्हणून तर त्याला निवडला होता. ठरलं होतं ते एवढंच: बोलायचं नाही, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, एक घास भरवायचा, उठायचं.

घुसाडी दाराशी आला आणि उंबरठ्याबाहेरच थबकला. अंकुशनं मनात शिवी हासडली. घाबरला भित्रा! मग आला एकदाचा आत.

दीपाली पाय धुवायला बसली. टाचेवर तिचा हात थांबला. अंकुश झटकन पुढे झाला. ओळखलं हिनं, संपलं सारं! पण तिनं ते पाय छातीशी धरले आणि हंबरडा फोडला.

"चुकलं माहं, बा! मले काई दे शिक्षा, पण माह्या लेकराले काई होऊ देऊ नको!"

घुसाडीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात काही केल्या उचलेना. मग त्यानं आचलला मांडीवर घेतलं. हे ठरलं नव्हतं. वाढलेल्या भातातला घास त्यानं दीपालीला भरवला, एक नाही, दोन नाही, ताट पुसून निघेपर्यंत. त्याच्या गालांवरची राख ओली झाली होती.

अंकुशला आनंद झाला, तशी धास्तीही वाटली. गडी फार वाहवत चालला होता. पाणी द्यायच्या निमित्तानं अंकुश वाकला आणि त्याच्या कानाशी कुजबुजला, "पुरे झालं बे आता, ऊठ. तो बुढा एवढा मायाळू असता त हे सोंग कायले करा लागलं असतं? दगड आहे तो दगड. पोरगी मरून जाईन, तरी येणार नाई."

घुसाडीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली, पोरीला आईच्या कुशीत दिलं आणि उठला. जाता जाता हातातल्या काठीचा एक सणसणीत फटका अंकुशच्या पाठीत बसला. घुसाडीची थट्टाच ती, सारं अंगण खदखदून हसलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दीपालीही हसली.

'लागलं ना लेका,' पाठ चोळत अंकुश मनाशी म्हणाला. पण बायको जेवली होती. फटक्याचं त्याला काहीच वाटेना.

शेजारच्या अंगणात घुसाडी नाचायला लागले. लाल चिंधीवाला मधोमध होता. अंकुश कौतुकानं पाहत उभा असतानाच खिशातला फोन वाजला. वारलूचं नाव होतं.

"माफ कर, भाऊजी," पलीकडून वारलूचा रडवेला आवाज आला. "मी घरीच आहो. मले देवाशी खोटं वागवलं नाई. काल जाऊन सारं लच्छूकाकाले सांगून टाकलं. काका काईच नाई बोलला, टोप अन् चिंधी तेवढी मागून घेतली."