यान शेवटी उडतं

"अंतराळयान फुटतं पहिल्या भागात आणि उडतं शेवटच्या भागात! प्रेक्षकांच्या डोक्यावरून जातंय सगळं," निर्माता कडाडला. "आत्ताच्या आत्ता मालिका सरळ क्रमाने लाव, नाहीतर घरी बस."

एडिटर मात्र ढिम्म हलली नाही. कीबोर्डला तिने हातही लावला नाही.

"साहेब, वहिनी सोडून गेल्या हे तुम्ही सकाळी इथेच बसून सांगितलंत. आधी रिकामं कपाट, मग परवाचं भांडण, मधेच लेकीचा जन्म. माझा कुठे गोंधळ झाला का?"

निर्माता शेजारच्या खुर्चीत टेकला.

"आणि येऊन थांबलात कुठे? बसस्टॉपवर त्या तुम्हाला पहिल्यांदा दिसल्या, तिथे. बोला, तो शेवट उचलून सुरुवातीला टाकू?"