तोंडातला खिळा

थोरल्या नातवाचे दुधाचे दात पडू लागले, त्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. घास भरवला तर घ्यायचे, पण ब्रश दिसला की जबडा असा आवळायचे की चिमटा लावूनही उघडू नये.

दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. सून ब्रश घेऊन खाटेपाशी बसली. लुळ्या गालात अन्नाचा गोळा साठलेला तिला बाहेरूनही दिसत होता. परवापासून तोंडाला वास येत होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंचे शब्द तिचा पिच्छा सोडत नव्हते : “दाढांची मुळं उघडी पडलीत. अन्न साचू देऊ नका. कीड लागली आणि दाढ काढायची वेळ आली, तर रक्त पातळ करायच्या या औषधांवर रक्त थांबवताना नाकी नऊ येतील.”

“बाबा, आ करा ना. एवढंसं.”

ओठ हलले नाहीत.

सासूबाई दारातून म्हणाल्या, “कशाला जीव काढतेस? जन्मभर खुर्च्यांना गाद्या ठोकल्या, तोंडात सदा खिळे भरलेले. काही विचारलं की नुसतं ‘हं’! मला त्या तोंडातून कधी धड शब्द मिळाला नाही, तुला काय मिळणार?”

सुनेने ब्रश बाजूला ठेवला. मग खाटेखालची अवजारांची पेटी ओढून तिने लहान हातोडी काढली, लोहचुंबकाच्या तोंडाची.

“अगं बाई, डोकं फिरलं का तुझं?”

“थांबा हो, आई.”

तिने हातोडी सासऱ्यांच्या ओठांपाशी नेली. ते एकटक बघत राहिले. सासूबाई पुढे आल्या, हातोडी हिसकावायला हात लांब केला.

तेवढ्यात ओठ विलग झाले. जीभ पुढे आली. गादी ठोकताना ढकलायचे तसा, हातोडीला चिकटवायला त्यांनी नसलेला खिळा जिभेने पुढे ढकलला.

सुनेने बोट गालात सारलं, साचलेलं अन्न बाहेर काढलं, मग हलकेच ब्रश फिरवला. सासऱ्यांनी तोंड मिटलं नाही. त्यांची नजर हातोडीवर होती. खुर्ची अजून पुरी व्हायची होती.

सासरे गेले ते पुढच्या वर्षी, धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. त्या सकाळीही त्यांनी पिकला पेरू बियांसकट, स्वतःच्याच दाढांनी चावून खाल्ला होता.